रिकाम्या साठ्यातून उघडलेला धडा

आधी भोयेबाईंचं नाव घेतो, मग बाकीचं. त्या नसत्या तर मी तिसऱ्याच दिवशी पिशवी उचलून उमरग्याला परतलो असतो. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. तरी पण...

मागच्या वर्षी ठेकेदाराने मला जव्हारला पाठवलं. जामसरकडच्या एका आश्रमशाळेत प्रॉक्सी सर्व्हर बसवायचा होता. म्हणजे नेटवरून एकदा आलेली पानं शाळेतल्याच मशीनमध्ये साठवायची, नेटची लाईन गेली तरी मुलांना उघडता यावीत म्हणून. डिस्क लहान, त्यामुळे फक्त धड्यांच्या चार साइट साठवायच्या, बाकी काही नाही. मी तिथेच एका खोलीत एकटा राहायचो. दिवसभरात "जेवलास का रे, दिगंबर?" एवढं एकच वाक्य माझ्यासाठी असायचं... शाळेच्या मुख्याध्यापिका भोयेबाईंचं.

तपासणीचे साहेब आधी एकदा येऊन गेले तेव्हा म्हणाले होते, "नववीवाल्याला कशाला ठेवलंय?" बाई म्हणाल्या, "माझ्या शब्दावर ठेवा. नाही चाललं तर मला बोला."

तपासणीच्या दिवशी अकरा वाजता साहेब आले आणि नेटची लाईन गेली. रस्त्याच्या खोदकामात वायर तुटली होती. साहेब हसले, "छान! आता सर्व्हरच बघू." मुलांनी माऊस दाबले. आणि पहिल्या बाकावरची पोरगी ओरडली, "दादा, उघाडलं!" वीसही संगणकांवर धडा, चित्रांसकट.

"मी काय सांगत होते?" बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर मी सेटिंगची फाईल उघडली. त्यात नियम वरून खाली वाचले जातात, आधी लागेल तो चालतो. मी 'काहीच साठवू नको' ही ओळ सगळ्यात वर लिहिली होती आणि चार साइटची परवानगी तिच्या खाली! मशीन परवानगीपर्यंत कधी पोहोचलंच नव्हतं. साठ्याचा फोल्डर रिकामा. मुलांच्या संगणकांत काही उरलं असेल म्हणावं, तर ते मी त्याच सकाळी पुसून नव्याने लावलेले. लाईन तीननंतर आली. आणि सर्व्हरच्या नोंदीत मात्र अकरा वाजून सात मिनिटांनी वीस वेळा — साठ्यातून दिलं, साठ्यातून दिलं.

ठाण्याच्या सीनियरला फोन केला. "असं होतच नाही रे. झोपेत बघितलंस काय?" आईला लावला, पण तिला काय सांगणार? "बरं चाललंय" म्हणून ठेवला. ओळींची जागा बदलली आणि बाईंकडे गेलो, खरं सांगायला. त्या म्हणाल्या, "बस, चहा घे. आज माझी मान ताठ झाली बघ." मी चहा घेतला आणि न सांगताच परतलो.

आता खोडाळ्यात काम चालू आहे. इथे मी प्रत्येक ओळ चार-चारदा वाचतो. त्या दिवसाचं उत्तर मात्र मिळालेलं नाही.

बाई, तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात तेव्हा माझ्या मशीनमध्ये काहीच नव्हतं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देणार आहे. पास झालो की निकाल आधी तुमच्या हातात देईन, आणि मग समोर बसून हे सगळं सांगेन.