पायाची बाहेरची बाजू

आमच्या वन्सं, म्हणजे माझी नणंद, माहेरपणाला येतात त्यासुद्धा घमेलं घेऊन. घराच्या पायाला जमिनीतली ओल लागू नये म्हणून बाहेरून चर खणून भिंती डांबरायच्या, हा त्यांचा धंदा. लहानपणी शिवणाच्या क्लासला म्हणून निघायच्या आणि मामंजींच्या कामावर जाऊन विटा भिजवत बसायच्या. मामंजी, माझे सासरे, गवंडी. शेवटी त्यांनीच कपाळाला हात लावून लेकीच्या हातात थापी दिली.

आता मामंजींचे गुडघे गेलेत. जिना चढवत नाही, आणि तळमजल्यावर त्यांच्या खोलीत भिंतीला कमरेपर्यंत ओल. गादीला वास, छातीत घरघर. डॉक्टरांनी बजावलं, ह्या खोलीत राहू नका. धाकटे भावजी म्हणाले, "माझ्याकडे चला." पण तिकडे नवव्या मजल्यावर मामंजी बोलणार कुणाशी? बॅग भरली आणि त्या दिवशी जेवलेच नाहीत.

मग मीच वन्संना फोन केला. त्या आल्या आणि थेट भिंतीला गाल लावून उभ्या राहिल्या.

"आतून रंगावर रंग फासलात ना? ओल्या अंगावर शर्ट चढवल्यासारखं झालंय. पाणी बाहेरच्या मातीतून येतंय. खणायला हवं."

"पायाला हात लावायचा नाही!" मामंजी कडाडले. "घर बसेल."

"एकदम सगळं कोण खणतंय? चार-चार हात खणू. एक तुकडा बुजवला की पुढचा. तुम्हीच शिकवलंत, बाबा."

"नाही म्हणजे नाही."

बापलेक एकाच माळेचे मणी. वन्संनी कुदळ उचलली. मामंजी काठी टेकत बाहेर आले आणि चराशेजारी खुर्ची टाकून बसले. मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण ते नुसते चरात वाकून बघत राहिले.

छातीएवढा चर झाल्यावर वन्संनी भिंतीवर तारेचा ब्रश मारला. मातीखालून नुसत्या विटा निघाल्या. ना गिलावा, ना डांबर! जगाचे पाये डांबरले आणि स्वतःच्या घराला एक हात नाही? "अगं बाई!" माझ्या तोंडून निघूनच गेलं. आमचे हे उगाच आभाळाकडे बघायला लागले.

मामंजींनी मान खाली घातली. "तू होणार होतीस," ते वन्संना म्हणाले. "बाळंतिणीला छप्पर हवं होतं. म्हटलं, आधी ते घालू, हे पुढच्या वर्षी बघू. मग राहिलंच. गवंड्यानं सांगायचं कुणाला?"

चरातून वन्संनी वर पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच. "एवढंच ना? माझ्यासाठी छप्पर तुम्ही घातलंत, पाया मी करते. फिटंफाट."

मग गिलावा झाला, तो सुकल्यावर डांबराचे दोन हात झाले. चराच्या तळाशी पाणी लांब न्यायला भोकांचा पाइप, त्यावर खडी. मामंजींची खाट व्हरांड्यात आली आणि त्यांना कंठ फुटला. "कोपरा सुटला! मातीला उतार बाहेर दे, घराकडे नको!" वन्सं वैतागायच्या, पण कोपरा पुन्हा डांबरायच्या.

भिंत सुकायला महिने लागतील, पण ओलीची रेघ खाली सरकायला लागली आहे. काल धाकट्या भावजींचा फोन आला, गाडी कधी पाठवू म्हणून.

"गाडी कशाला?" मामंजी ओरडले. "लेक माझं घर बांधतेय. मी इथेच राहणार!"