काज-बटण करणारे माझे बाबा

रोज सकाळी ज्या दुकानाचं शटर तुम्ही उचलता, त्याच्या भाडेकरारावर नाव कुणाचं आहे? तुमचं, की तुमच्या आधी तिथं बसणाऱ्या माणसाचं?

नांदेडच्या बाजारात आमच्या दुकानावर पाटी होती शिलाईची आणि आत चालायचा छापखाना. लग्नपत्रिका छापायला येणारी माणसंसुद्धा बाबांना ‘टेलर’ म्हणायची. मूळ भाडेकरू एक शिंपीकाका होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. नजर अधू झाली तसे ते देगलूरला लेकीकडे राहायला गेले आणि जाताना दुकान बाबांना देऊन गेले. दोघांनी बाँडपेपरवर सह्या केल्या, मास्तरांनी पगडीचे पैसे घेतले, किल्ली दिली. जागेच्या मालकाला मात्र कुणी विचारलं नाही. मालक राहायचे लातूरला, तिथं त्यांची डाळमिल.

“इचारलं की भाडं वाढवंल, न्हाई तर जागाच काढून घेईल,” मास्तर म्हणाले होते. “ह्या लाइनीत कुणी इचारलंय? पाटी माझीच राहू द्या. भाडं माझ्या नावानं जाऊ द्या.”

त्या ओळीतली कितीतरी दुकानं अशीच हातोहात गेली होती. बाबांना ती रीतच वाटली.

मी वाचायला शिकले ती याच दुकानात, पत्रकांच्या प्रुफांवर. हमालांचा संप, वसतिगृहाच्या मागण्या, पाण्यासाठीचे मोर्चे. शाई वाळायच्या आत मी ती पत्रकं वाचून काढायचे आणि त्यातला शब्द न् शब्द मला खरा वाटायचा. अजूनही वाटतो. म्हणूनच, इतरांच्या हक्कांची पत्रकं छापणारा माझा बाप वर्षातून एकदा स्वतःच्याच दुकानात नोकर होतो, हे मला सहन व्हायचं नाही.

मालक दिवाळीच्या आधी जागा बघायला येत. निरोप आला की मास्तर देगलूरहून एसटीनं यायचे. छपाईच्या मशीनवर चादर पडायची, मधला पडदा ओढला जायचा, शाईचा आणि रॉकेलचा वास मारायला ऊद जाळला जायचा. कोपऱ्यातली शिलाई मशीन पुढं यायची. मालक दरवर्षी कापड घेऊन येत आणि मास्तर मापं घेत. ते गेल्यावर कापड पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या शिंप्याकडं जायचं. बाबांची ओळख ठरलेली होती. “हा आपला काज-बटणवाला.” बाबा हात मागं बांधून उभे राहायचे.

कॉलेजात गेल्यावर मी भाडेकायदा वाचला. करारात तशी मुभा नसेल आणि भाडेकरूनं मालकाच्या संमतीशिवाय जागा दुसऱ्याच्या ताब्यात दिली, तर तेवढ्यावरच दावा लावून दुकान खाली करून घेता येतं. दोघांनी आपसात केलेला बाँड मालकावर बंधनकारक नसतो. हे कळलं आणि माझी झोप उडाली. दुकानासमोर अनोळखी गाडी थांबली तरी मी आधी तिचा नंबर बघायचे, लातूरची तर नाही ना. आमचं घर त्या एका गाळ्यावर चालत होतं.

“बाबा, मालकांना सांगून टाका.”

“अन् त्यानं काढलं तर? मशीन डोक्यावर घेऊन फिरू का? तुझ्या पत्रकात काय लिहिलंय त्याचं?”

पत्रकात त्याचं काहीच लिहिलेलं नव्हतं.

गेल्या दिवाळीआधी मालक पांढरंशुभ्र कापड घेऊन आले. नातवाचं लग्न होतं. मास्तरांना आता टेपवरचे आकडेही दिसत नव्हते. ते अंदाजानं सांगत होते आणि मालकांच्या कपाळाला आठी पडत होती. बाबांना ते बघवलं नाही. ते पुढं झाले, टेपचं टोक धरलं, खांद्यावरून घसरणारं कापड सावरलं. सकाळीच निवडणुकीची पत्रकं मशीनवर होती. घाईत हात रॉकेलनं पुसले होते, पण अंगठा राहिला होता. पांढऱ्या कापडावर काळा ठसा उमटला.

“काज-बटणवाल्याच्या अंगठ्याला शाई कशी?” मालकांनी विचारलं.

“पेनाची हाय, शेठ,” मास्तर म्हणाले.

“एवढी? काय पुस्तक लिहून राहिला का हा?”

मी पडदा बाजूला केला आणि मशीनवरची चादर ओढली. “हा छापखाना माझ्या बाबांचा आहे. मास्तर आता देगलूरला राहतात. तुमची परवानगी घ्यायला पाहिजे होती, ती घेतली नाही.”

मालकांनी मशीनवरचं एक पत्रक उचलून बघितलं. मग बाबांना म्हणाले, “समोरच्या चहावाल्याला माहीत होतं?”

“हाव.”

“चपलाच्या दुकानवाल्याला?”

“हाव.”

“म्हंजे जागा माझी, अन् मला सोडून साऱ्या गल्लीला ठावं.” त्यांनी ठसा आत जाईल अशी कापडाची घडी घातली. “लातूरला या.”

त्यानंतर बाबांनी लग्नसराईच्या ऑर्डरी घेणं बंद केलं. गिऱ्हाईक आलं की “सांगतो” म्हणायचे. माझ्याशी बोलत नव्हते. मीही मनात हजारदा ती चादर परत मशीनवर टाकत होते.

लातूरला डाळमिलच्या धुरळ्यात बाबा माझ्या शेजारी खिशात हात घालून बसले होते. मालकांनी सांगितलं, मास्तरचं नाव आता संपलं, तो बाँड चुलीत घाला. बाबांच्या नावानं अकरा महिन्यांचा करार होईल, भाडं आजच्या बाजाराचं. पुढचं पुढं बघू.

“आधीच विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता का?” मी विचारलं.

“न्हाईच म्हणलो असतो बहुतेक,” ते म्हणाले. “पण इचारायला पाहिजे होतं, माय.”

पाटी बदलली. बाबांचे पगडीचे पैसे बुडाले, आणि अकरा महिन्यांनंतर काय, हा घोर आहेच. कॅलेंडर छापायला घेतलं की बाबांची नजर आधी त्या महिन्यावर जाते. पण पाटी बदलल्यावर मालक आले, तेव्हा बाबांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीवर बसले.

तेव्हा हे वाचून झालं की तुमच्या दुकानाचा कागद काढा. त्यावर मालकाची सही नसेल, तर आधी जाणत्या वकिलाला तो दाखवा आणि मग स्वतः मालकाकडं जा, लेखी संमती मागा. तो देईलच, असं मी सांगणार नाही. नवीन जागा घेत असाल तर आधी त्याची सही, मगच किल्ली. आणि तुम्हीच मालक असाल, तर या दिवाळीआधी आपल्या गाळ्यात एक चक्कर मारा, आणि कोपऱ्यात हात मागं बांधून उभ्या असलेल्या माणसाला विचारा, दुकान कोण चालवतं.