पक्ष्यांचा पाहुणचार

रायपुरातल्या तमाम मराठी घरांना, तेलीबांध्यापासून सिलतऱ्यापर्यंत, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की पक्ष्यांना आग्रह करता येत नाही. आमच्या घराण्याने प्रयोग करून पाहिला आहे. त्याची आठवण निघाली की मी अजूनही पदर तोंडावर घेते.

माझ्या भाचीला पाहायला नागपूरचा मुलगा येणार होता. पाहायला म्हणजे नावापुरतं. दोघं फोनवर बोलतच होती, आणि हाच हवा, असं पोरीने मला एकटीला सांगून टाकलं होतं. आता त्याने आणि त्याच्या आईने आम्हाला पाहायचं तेवढं राहिलं होतं, आणि धोका नेमका तिथेच होता.

मुलगा स्वीडनमध्ये नोकरीला. तिकडे म्हणे वसंतात लोक शेताच्या कडेला बसून क्रौंच पक्ष्यांची वाट पाहतात, तासन् तास, एक शब्द न बोलता. त्याने कळवलं, पोह्यांचा कार्यक्रम नको. सकाळी नव्या रायपूरच्या तलावावर जाऊ. चक्रवाक उत्तरेला परतायच्या आत बघायचे आहेत.

भाचीने मला कोपऱ्यात घेतलं. "आत्या, वहाँ चुप रहना. आप भी, और पापा भी."

मी शपथ घेतली. माझ्या भावाला मात्र वेगळीच काळजी. पाहुणा एक पोळी कमी खाऊन उठला तरी ज्याला झोप येत नाही, असा तो माणूस.

"लोकं नागपूरहून येऊन राहिले," तो म्हणाला, "अन् पक्षी आलेच नाही तं?"

फागुनातली गार सकाळ होती. राजधानीच्या रुंद, रिकाम्या रस्त्याच्या कडेला पळस पेटलेला. आम्ही गाडीतून उतरलो, तर भाऊ आधीच स्कूटरवर येऊन काठावर उभा, यजमानासारखे हात जोडून. बगलेत रिकामं पोतं. गोलबाजारातून आणलेले मुरमुरे त्याने साऱ्या काठावर पसरले होते. पंगत मांडावी तसे.

पंगतीला कावळे आले. कबुतरं आली, साळुंक्या आल्या. मग दोन कुत्री. मुलाने दुर्बीण डोळ्याला लावली आणि हळूच खाली घेतली.

"पाहा ना," भाऊ मुलाच्या आईला म्हणाला. "संकोच करू नका. तिकडं आणखी आहे."

"पाहिले जी," त्या म्हणाल्या. "कावळे आमच्याकडेही असतात."

भाचीचे कान लाल झाले. तेवढ्यात मुलाने बोट दाखवलं. दूर पलीकडच्या पाण्यावर दोन केशरी ठिपके. चक्रवाक. त्याचा चेहरा असा उजळला की मीही श्वास रोखला. आता सगळं सावरेल, असं वाटलं.

आणि मागून बकऱ्यांचा कळप मुरमुऱ्यांवर तुटून पडला. एका बकरीने त्याच्या आईच्या पर्सचा पट्टा तोंडात धरला.

मी काय करायला हवं होतं? गप्प राहायला हवं होतं. त्याऐवजी मी सिल्कच्या साडीचा ओचा खोचला आणि "हाड, हाड" करत, दोन्ही हात पसरून, नाटकातल्या दुर्गेसारखी धावले. बकऱ्या जागच्या हलल्या नाहीत. कावळे उडाले, कबुतरं उडाली, आणि ते दोन केशरी ठिपके उठून तलावावरून उत्तरेकडे निघून गेले.

नंतर जी शांतता पसरली, तशी स्वीडनमध्येही नसेल. भाऊ पोत्याची घडी घालत राहिला. घातलेली मोडून पुन्हा घातली. भाची पाठ करून उभी होती. तिचे खांदे मला दिसत होते, आणि तिच्याकडे जायची माझी हिंमत होत नव्हती. एका सकाळपुरतं गप्प बसणं, एवढंच मागितलं होतं पोरीने.

मुलाने पर्सचा पट्टा बकरीच्या तोंडातून सोडवून आईकडे दिला.

"चुकलं बाबा," मी त्याला म्हणाले. मान वर होत नव्हती. "आम्हाला हे जमतच नाही. तुम्ही तिकडं इतका वेळ गप्प बसता तरी कसे?"

सकाळपासून तो मला 'मॅडम' म्हणत होता. त्याने भाचीच्या पाठीकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं:

"तिकडं बोलायले आहे कोण, आत्या?"