पार्वताबाईचे पाय

गेल्या महिन्यात उन्हाळ्याचे माठ घेऊन किसनभाऊ कुंभार एकटेच नागपुरात आपल्या नंदनवनच्या घरी आले. बायको, पार्वताबाई, गेल्याचे त्यांनी माठ उतरवता उतरवताच सांगितले. मी आधी तिच्या पायाबद्दल विचारले.

"पाय नाही, बाई. काविळीनं नेलं."

मुलांनो, पायाचे का विचारले ते सांगते. कामठीच्या पलीकडे तलावाकाठी या कुंभार जोडप्याचे घर. तलावाची माती भिजवायची, पार्वताबाईने ती पायांनी तुडवायची, मग किसनभाऊंनी चाकावर घ्यायची... तुमचे बाबा शाळेत असताना तिकडे डांबरी रस्ता झाला आणि रविवारी नागपूरहून सहलीच्या गाड्या येऊ लागल्या. मंडळींना माठ नको होते, रंगवलेल्या फुलदाण्या हव्या होत्या. किसनभाऊंनी त्याही केल्या; घरावर नवी कौले चढली. पण काठावर बाटल्या फुटत, काचा मातीत मिसळत. चाळणीतून निसटलेला तुकडा पार्वताबाईच्या पायालाच सापडे.

मी तिला रबरी बूट नेऊन दिले. तिने ते हसत नवऱ्यापुढे ठेवले. "बुटाले खडा कसा समजन, बाई? यायलेच घालू द्या, मिरवतीन चिखलात." खरेच होते. एक खडा राहिला तरी मडके भट्टीत तडकते, आणि तो शोधायचा तळपायानेच.

शेवटी तोड तिनेच काढली. रविवारी काठावर बसून ती सहलीच्या मुलांना सांगे, "अख्खी बाटली आणा, पणती न्या." मुले मोठ्यांच्या हातातल्या अर्ध्या बाटल्यांवर डोळा ठेवून बसत.

"घर लुटवून राहिली का वं?" किसनभाऊ चिडत.

"पाय तुमचे असते तं रांजण वाटले असते तुमी."

काचा कमी झाल्या, संपल्या नाहीत. गाड्या वाढत गेल्या. काठचे गवत जाऊन चुलींची राख आणि पत्रावळी आल्या, पाणकोंबड्या दिसेनाशा झाल्या. स्वच्छ मातीसाठी ती दरवर्षी टोपली घेऊन आणखी लांब चालत जाई.

परवा मी तिकडे जाऊन आले. किसनभाऊ अंगणात माती तुडवत होते, एकेक पाऊल चाचपत. तुडवताना पार्वताबाई छपरीच्या खांबाला धरी. तिच्या हाताच्या उंचीवर लाकूड गुळगुळीत झाले आहे. किसनभाऊ तिच्याहून चांगले वीतभर उंच, तरी वाकून तिथेच धरत होते.

"कंबर दुखेल. वर धरा ना," मी म्हणाले.

"वर धरलं का पाय घाई करते, बाई."

मग ते थांबले, आणि त्यांनी तळव्याखाली हात घालून काचेचा एक तुकडा अलगद बाहेर काढला.