आडोसा

शेजारच्या मालनवहिनींचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि पुढची तपासणी व्हिडिओ कॉलवर ठरली. शहराची खेप वाचली म्हणून घरचे खूश होते. कॉलच्या वेळी मी तिथंच होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जखम दाखवा." एकच खोली. वहिनींनी सासऱ्यांकडे, दिराकडे पाहिलं आणि पदर आवळत म्हणाल्या, "बरी आहे." दोघंही जागचे हलले नाहीत. माझं डोकंच फिरलं. फोनसकट वहिनींना माझ्या घरी आणलं, दार लावलं. जखम चिघळली होती. "आजच इकडे या," बाई म्हणाल्या. वेळेवर गेलो म्हणून निभावलं.

फोनवरून डॉक्टर उद्या घरोघरी पोचतील, पोचायलाच हवेत. पण त्या घरात बाईला आडोसा आहे का, हे ना डॉक्टर विचारतात, ना घरातली माणसं.