दगडी सून

कावाकोरेनमध्ये लग्न लागलं, वरात आली, दारात डाळिंब फोडून झालं, तरी सून घरची होत नसे. ती घरची व्हायची द्राक्षं आल्यावर. गुलसुम म्हातारीच्या अंगणात संगमरवराचा एक हौद होता. नवी सून त्यात उतरायची, सलवार गुडघ्यापर्यंत खोचायची आणि सगळ्या आळीची द्राक्षं तुडवायची. खालच्या भोकातून पहिला रस आला की तो वाटीत धरून हौदाच्या बाहेर कोरलेल्या बाईच्या तोंडाला लावायचा. मग घरातल्यांनी चाखायचा. उरलेला रस पांढरी माती घालून निवळू द्यायचा, कढईत आटवायचा आणि वर्षभर त्याची काकवी भाकरीला लावून खायची.

हौद म्हणजे जुन्या लोकांची शवपेटी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. झाकण कधीच गेलेलं, आतलं माणूस त्याच्याही आधी. बाहेरच्या अंगाला फळाफुलांच्या माळा आणि माळांच्या मधोमध नाक फुटलेली, केस चापूनचोपून बसवलेली एक बाई. तिला आमच्याकडे दगडी सून म्हणत. सासवा म्हणायच्या, सून असावी तर अशी. द्याल ते खाते, उलटून बोलत नाही आणि माहेरी जायचं नाव काढत नाही.

मशिदीतल्या होजाला हे खपत नसे. दगडाला खाऊ घालता, पाप लागेल, म्हणायचा. बायका म्हणायच्या, पूजा कोण करतंय, घरात एवढी तोंडं, त्यातलं ते एक. आणि हिवाळ्यात काकवीची बरणी त्याच्याही दारात जायचीच, त्यामुळे होजा फार ताणून धरत नसे.

हौदाचं कौतुक मात्र कुणाला नव्हतं. अख्खं गावच तसल्या दगडांवर बसलेलं. दुर्सुनच्या गोठ्याच्या भिंतीत अर्धा घोडा होता, मशिदीच्या पायरीवर उलटी अक्षरं होती, आणि दुर्सुनच्या बायकोच्या, सातीच्या, कोंबड्या एका बिनडोक्याच्या पुरुषाच्या मांडीत अंडी घालायच्या. खांबांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायचे. दुसरं काय करायचं खांबांचं?

एल्मास गुलसुमच्या घरात सून होऊन आली ती वरच्या डोंगरातून, धनगराची पोर. तिकडे कोरलेला दगड औषधालाही नव्हता. पहिल्यांदा हौदात उतरवलं तेव्हा ती सासूला म्हणाली, ही बाई माझ्याकडे बघतेय. गुलसुम म्हणाली, बघू दे, तीही सूनच आहे, पण तिला बोलायची सवय नाही, तूही लावून घेऊ नकोस. एल्मासला ती सवय आईच्या पोटातूनच लागलेली होती, तिला इलाज नव्हता. सासू एक बोलली की ती दोन बोलायची, आणि दोघींचं एकमेकींवाचून चालायचंही नाही.

तिचा नवरा रुस्तेम तरुणपणीच तापाने गेला. पोरबाळ नव्हतं. मयताचा चाळिसावा दिवस झाल्यावर दीर दुर्सुन दोन पुरुषमाणसं घेऊन अंगणात आला आणि पायाकडे बघत म्हणाला, वहिनी, आता बापाकडे गेलीस तर बरं. घर भावांचं आहे. एल्मास उठली, चपला काढल्या आणि रिकाम्या हौदात जाऊन उभी राहिली.

"मला यात उतरवलंय," ती म्हणाली. "ज्यांनी उतरवलं त्यांनी बाहेर काढावं."

सगळ्यांनी गुलसुमकडे पाहिलं. म्हातारीने या सुनेला उभ्या आयुष्यात बरं म्हटलेलं नव्हतं. तिने गुडघ्यावर हात ठेवले आणि म्हणाली, "माझे गुडघे दुखतात बाबा. मला कोण काढायला सांगतंय?"

एवढ्यावर ते मिटलं. तेव्हापासून तो हौद म्हणजे एल्मासचा या गावातला पाय. म्हातारी पुढे एल्मासच्या हातचं सूप पीत, त्यात मीठ कमी आहे म्हणत म्हणतच वारली. एल्मासने हौद आणि जीभ दोन्ही सांभाळली.

मग भूकंप झाला. मिनाराला तडा गेला, चार घरं बसली. सरकारने खालच्या माळावर सिमेंटची घरं बांधली आणि सांगितलं, सगळे तिकडे चला, या जागेखाली जुनं शहर आहे, ते खणून काढायचंय. शहरातून नेजदेत बेय नावाचा एक खणणारा साहेब आला. माणूस वाईट नव्हता. दारात बूट काढायचा, दिलेला चहा संपवायचा. खणायला त्याने गावातलेच पुरुष घेतले आणि दुर्सुनला त्यांचा मुकादम केलं. पुरुष आपलीच घरं पाडून खालचे दगड वर काढू लागले. गोठ्यातला घोडा गेला. बिनडोक्याचा पुरुष गेला, तेव्हा साती दाराशी बसून रडली. लोक म्हणाले, पुरुषासाठी रडतेय. ती म्हणाली, अंड्यांसाठी.

पण माळावर गेल्यावर सातीचा नूर पालटला. तिच्या घरात नळ होता. ती वर यायची ती एल्मासला तेवढं सांगायला.

"तू बस इथे भुतांच्या सोबतीला," ती म्हणायची. "मी घरातल्या घरात पाणी भरते."

"नळातून रस येतो का?" एल्मास विचारायची. "येईल तेव्हा सांग. मी बोचकं बांधून ठेवते."

खरं तर एल्मासला माळाचं वावडं नव्हतं. भिंतींना तिच्याही तडे गेले होते. तिने नेजदेत बेयला चहा देताना सरळ सांगितलं, मला घर कुठेही द्या, हौद माझ्याबरोबर येईल. नेजदेत बेयने चहाचा ग्लास खाली ठेवला. हौद सरकारचा आहे, तो म्हणाला, खणलेल्या वस्तूंसाठी छप्पर बांधतोय, तिथे जाईल. एल्मास म्हणाली, खणलेला कुठे आहे? तो कधी जमिनीत नव्हताच, आमच्यात होता. यावर त्याने कायद्याचा कागद पुढे केला.

तेवढ्यात वेलींवर द्राक्षं पिकली. नेजदेत बेय म्हणाला, ठीक आहे, यंदाची द्राक्षं होऊन जाऊ द्या. द्राक्षं संपली की नेऊ.

शहराचा माणूस. द्राक्षं कधी संपतात हे कावाकोरेनमध्ये वेली ठरवत नाहीत, बायका ठरवतात, हे त्याला कोण सांगणार? दुर्सुनला माहीत होतं. पण तो मुकादम असला तरी त्याला घरी जाऊन जेवायचं होतं.

तुडवणं सुरू झालं. आमच्याकडे बायका सलवार खोचून हौदाशी असल्या की त्या अंगणात पुरुष पाऊल टाकत नाही. मालक नाही, होजा नाही, आग लागली तर घागर दाराबाहेर ठेवतात. माळावरून बायका टोपल्या पाठीवर घेऊन वर येऊ लागल्या. आधी सगळ्यांची एकदम तुडवली जायची, यंदा प्रत्येकीचा वेगळा दिवस. आज मुख्तारच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, घरची, उद्या होजाच्या घरची. टोपली अर्धीच भरायची. पायांना घाई नव्हती.

भिंतीबाहेर दुर्सुन आणि मजूर पहारी आणि लाकडाचे ओंडके घेऊन बसलेले. विड्या संपत आल्या. नेजदेत बेय रोज येऊन विचारायचा.

"अजून?"

"बायका तुडवतायत, बेय."

"तुमच्याच घरातल्या आहेत ना? आत जाऊन सांगा."

"आमच्याच घरातल्या आहेत," दुर्सुन म्हणाला, "म्हणून तर बाहेर बसलोय."

एके दिवशी सातीही टोपली घेऊन आली. एल्मासने विचारलं, नळ आटला का? साती म्हणाली, गप्प बस आणि सरक. आणि सलवार खोचून उतरली. दोघी जावा शेजारी शेजारी तुडवत राहिल्या. एल्मास गप्प राहिल्याचं गावाला आठवतं ते तेवढंच.

चांगली द्राक्षं संपली. मग हिरवी आली, मग ओढ्याकाठची रानद्राक्षं, मग पक्ष्यांनी टाकलेली. पांढरी माती कितीही घातली तरी आंबटपणा जाईना. त्या वर्षीची काकवी इतकी आंबट झाली की कुत्र्याने तोंड फिरवलं. पण हिवाळाभर सगळ्या गावाने ती चेहरा न हलवता खाल्ली. पुरुषांनीही. पोटाला चांगली असते, म्हणायचे.

शेवटी पक्ष्यांनी टाकलेली द्राक्षंही संपली. सकाळी बायका जमल्या त्या रिकाम्या हातांनी. मुख्तारची बायको म्हणाली, डाळिंबं तुडवू या, भिंतीपलीकडून काय दिसतंय. एल्मासने मान हलवली. खोटं तुडवायचं नाही, ती म्हणाली, बाई बघतेय. तिने बायकांना घरी पाठवलं, हौद राखेने घासला, गरम पाण्याने धुतला, सलवार घोट्यापर्यंत सोडली, डोक्यावरचा रुमाल नीट बांधला आणि कोरड्या हौदात मांडी घालून बसली. मग भिंतीबाहेरच्या पुरुषांना हाक मारून दार उघडायला सांगितलं.

नेजदेत बेय आत आला. मागे दुर्सुन आणि मजूर, सगळ्यांच्या माना खाली.

"एल्मास आब्ला," तो थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "आता बाहेर या."

"हे माणूस ठेवायलाच केलंय ना? तुम्हीच सांगितलंत."

"मेलेलं माणूस, आब्ला."

"थोडं थांबा. तेही होईल."

मागे कुणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. नेजदेत बेय हसला नाही. तो हौदाशेजारी उकिडवा बसला आणि त्याने दगडी सुनेच्या तोंडावरून न टेकवता बोट फिरवलं. तुमच्या सासूच्या सासूच्या वेळी हिला ओठ असतील, तो हळू म्हणाला. राखेने घासून घासून गेलेत. अजून काही वर्षांत चेहराच राहणार नाही. मी हिला तुमच्यापासून हिरावत नाहीये.

ते खरं होतं. एल्मासलाही ते रोज दिसायचं.  ती उठून उभी राहिली, बाहेर आली आणि म्हणाली, "बाहेरचं तुम्ही पाहिलंत. आत हात घाला."

त्याने हात घातला. तळाला, मधोमध, दोन खळगे होते, शेजारी शेजारी, साबणासारखे गुळगुळीत.

"बाहेरची फुलं कुणी कोरली ते तुम्हालाही ठाऊक नाही," एल्मास म्हणाली. "आतलं कुणी कोरलं ते मी सांगते. ते गुलसुमचं आहे. तिच्या सासूचं, हातिजेचं. हातिजेच्या सासूचं, तिला मुकी म्हणायचे, पण ती मुकी नव्हती. माझं. सातीचं. टाचांनी कोरलंय. हेही छपराखाली ठेवा. आणि हौद न्यायचा तर न्या, पण द्राक्षं आली की मी त्यात उतरणार."

नेजदेत बेय म्हणाला, असं वचन मला देता येत नाही.

"वचन कोण मागतंय? मी तुम्हाला सांगून ठेवतेय."

हौद गेला. ओंडक्यांवरून सरकत, दोर लावून, पुरुषांनी ओढत नेला. एल्मास दगडी सुनेच्या बाजूने चालत होती, कोरलेल्या केसांवर हात ठेवून, नवरीच्या घोड्याबरोबर करवली चालते तशी. वाटेत दुर्सुनला म्हणाली, सांभाळून, तुझ्या आईचे पाय आहेत आत. दुर्सुनने दोर ढिला सोडला आणि डोळे पुसले. घाम आला होता, म्हणाला.

छपराला कुंपण घातलं, फाटक बसवलं, आणि पहारेकरी म्हणून नेमलं दुर्सुनला. दुसरा कुणी नव्हताच. एल्मास माळावर राहायला गेली आणि नळाचं पाणी गढूळ आहे म्हणू लागली.

पुढच्या शरदात, भर दुपारी, ती टोपली पाठीवर घेऊन फाटकाशी आली. मागे साती, मागे सगळी आळी. दुर्सुन खुर्चीवरून उठला.

"आज बंद आहे का?" एल्मासने विचारलं.

"उघडं आहे."

"मग आता बंद कर. आम्ही तुडवणार आहोत."

दुर्सुन पहारेकरी होता, पण त्याआधी तो कावाकोरेनचा पुरुष होता. बायका आत शिरल्या, सलवारी खोचल्या जाऊ लागल्या, आणि त्याला उभं राहायला कुंपणाबाहेरची जागाच उरली. त्याने फाटक लावलं, खुर्ची उलटी फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून बसला. जुनं शहर बघायला शहरातून कुणी पाहुणे आले होते, त्यांना म्हणाला, आत बायका आहेत, चहा घ्या. गडबड ऐकून नेजदेत बेय धावत आला. फाटकाशी थांबला. आतून द्राक्षांचा वास येत होता आणि सातीचं हसू ऐकू येत होतं. त्याला आत जाता आलं असतं, तो या गावचा नव्हता. पण एवढी वर्षं त्याने या दारांत बूट काढले होते. तो दुर्सुनशेजारी पाठ फिरवून बसला.

"राखेने घासू नका म्हणावं," तो म्हणाला.

"एल्मास वहिनी," दुर्सुन रस्त्याकडे बघत ओरडला, "राख नको."

"नुसत्या पाण्याने धुतलाय," आतून आवाज आला. "त्यांना सांग, वाटी काढा म्हणावं, पहिला रस सुनेचा, दुसरा पाहुण्याचा."

असं बरीच वर्षं चाललं. मग नेजदेत बेय निवृत्त झाला, दुर्सुन वारला, परगावचा पहारेकरी आला आणि हौदाभोवती लोखंडी गज बसले. एल्मासला उतरता येईना. ती काठी टेकत यायची, घरच्या घरी चिरडलेल्या द्राक्षांच्या रसाची वाटी रुमालाखाली धरून. पहारेकरी म्हणायचा, आजी, हात लावायचा नाही. ती म्हणायची, हात कोण लावतंय, आणि द्राक्षाचं पान वाटीत बुडवून गजांतून हात लांब करायची. तो आडवा आला तर त्याला गप्पांत गुंतवायला साती होतीच, तिच्या नळाची गोष्ट कधी संपत नसे.

आता दोघी नाहीत. पण द्राक्षं पिकली की अजूनही त्या दगडी बाईच्या तोंडाशी मुंग्यांची रांग लागते, गजांवरून, माळांवरून, थेट नसलेल्या ओठांपर्यंत. पहारेकरी वैतागून पाणी मारतो. दुसऱ्या दिवशी रांग परत. मुंग्या कशा येतात म्हणून तो आळीतल्या सुनांना विचारतो. त्या काही बोलत नाहीत.