मागच्या बाईसाठी दोन मात्रा

पहिल्या भेटीत मी क्लिकभाऊंना माझं नाव आणि गाव सांगितलं, तर ते म्हणाले, "तुहं वाक्य सात मात्राचं होतं." गाव कोणतं ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. माणूस काय बोलतो यापेक्षा किती मात्रांत बोलतो, याकडे त्यांचं लक्ष आधी जाई. फाटकाची कडी, कुकरची शिटी, कंपनीच्या बसचं वायपर, सगळं ते बोटांवर मोजत. रेकॉर्डिंगच्या वेळी गाणाऱ्याच्या कानात ताल धरायला टिकटिक सोडतात, तिला क्लिक म्हणतात. भाऊंना ती हेडफोन न लावताही ऐकू येते, असं जयंतीची गाणी गाणारी मंडळी म्हणायची. त्यावरून हे नाव पडलं.

ऊर्जानगरला वीज केंद्रात ते नोकरीला होते. क्वार्टरच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्यांनी स्टुडिओ केला होता. कूलरचा आवाज नको म्हणून रेकॉर्डिंगला तो बंद असे, त्यामुळे उन्हाळ्यात गाणारा माणूस आंघोळ केल्यासारखा बाहेर येई. आमच्या भागातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं पार्श्वसंगीत, विहारातली गाणी, लग्नाच्या वराती, सगळं त्या खोलीत तयार व्हायचं. मी चंद्रपूरला कॉलेजात होते. एक गाणं म्हणायला गेले आणि तीन वर्षं शिकायला जात राहिले.

कॉम्प्युटरवरचं त्यांचं शिकवणं वेगळंच होतं. पडद्यावर चार-चारच्या सारख्या चौकटी असायच्या आणि नवशिके सगळं त्यात कोंबायचे. भाऊ म्हणत, "चौकट गान्यापाशी आन. गान्याले चौकटीपाशी कायले नेतं?" दोन मात्रांच्या जागेत तीन ठोके बसवायचे तर 'रा-जु-रा' म्हणायचं. चारच्या जागेत पाच हवे असतील तर 'ग-ड-चि-रो-ली', एकेक अक्षर सुटं. तोंडात बसलं की मगच माऊसला हात. मी आठवडाभर बसमध्ये राजुरा-राजुरा पुटपुटत होते. शेजारच्या बाईनं शेवटी सांगितलं, "बाई, हे गाडी राजुऱ्याले नाई जात."

आवाज ताणायच्या बाबतीत मात्र ते फार कडक होते. सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलेल्या आवाजाची कड माऊसनं धरून ओढली की आवाज लांबतो, आत ढकलली की आखूड होतो. ढोलकीचा एखादा ठोका ते असा सरकवून देत. माणसाच्या गळ्याला हात लावत नसत. "ताणला का थो मानूस राहत नाई, दुसराच होते," असं त्यांचं म्हणणं. आणि दुसरा नियम, मूळ फाइलवर काम करायचं नाही. कॉपी काढायची, कॉपीवर काय ते करायचं. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी चिडायचे.

माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, रोवणीची गाणी म्हणायची. भाताची रोपं लावत बायका चिखलात मागं मागं सरकतात, तेव्हाची ही गाणी. एकदा मी फोनवर टिपलेलं तिचं एक गाणं भाऊंना ऐकवलं. त्यांची बोटं टेबलावर चालू झाली आणि अडखळली. पुन्हा ऐकलं, पुन्हा अडखळली. चौथ्या वेळी ते हसायला लागले. "पाच, पाच आनि मंग सात. हे दोन कुठून आनले तुह्या मोठ्या आईनं?"

ते विचारायला ते स्वतः सुटीच्या दिवशी माझ्याबरोबर गावी आले. मोठ्या आईनं चहा दिला आणि सांगितलं, "मागची बाई राहून जाते न भाऊ. थे ओळीत येईपर्यंत थांबा लागते. तेवढंच हाय थे."

भाऊंनी कप खाली ठेवला. मग मला म्हणाले, "पाह्य. आमी कॉम्प्युटरवर बसून ताल शोधतो."

महिन्याभरानं मी मोठ्या आईला ऊर्जानगरला नेलं. गाद्यांच्या खोलीत शिरायला ती घाबरत होती. बसण्याआधी तिनं मला विचारलं, "हे मंग कुठी जाईल?" मी म्हटलं, "कुठीच नाई. आपल्यापाशीच राहील." त्या दिवशी तिनं अकरा गाणी म्हटली. क्लिक न लावता, कूलर बंद करून. भाऊंनी एकदाही थांबवलं नाही. नंतर तीन आठवडे बसून आम्ही दोघांनी एकेका ओळीला तिचा ताल भरला, पाच, पाच, सात, म्हणजे पुढेमागे कोणाला साथ करायची तर तिच्या चालीनं करता यावी. मी एक कॉपी मागितली. भाऊ म्हणाले, "फाइल फिरली का कोनीबी काहीबी करते. माह्यापाशी राहू दे." मला ते पटलं. वडिलांनंतर एवढा भरवसा मी दुसऱ्या कोणावर टाकला नव्हता.

पुढच्या वर्षी राजुऱ्याला आतेभावाचं लग्न होतं. दुपारची जेवणं चालली होती. मी आणि मोठी आई शेजारी बसलो होतो. वरातीच्या डीजेवर एक गाणं लागलं आणि माझा घास हातातच राहिला. आवाज मोठ्या आईचा होता. पण ओळी सगळ्या एका मापाच्या, चार-चारच्या, खाली दणदण ठोका. सातची ओळ कापून आत ढकललेली. पोरं नाचत होती. मोठ्या आईनं मान वर करून थोडा वेळ ऐकलं.

"हे कोन म्हनून राह्यली?" तिनं विचारलं. "गानं आपलंच हाय. पन इले दम कसा लागत नाई?"

मला वाटलं, आवाज आपलाच आहे हे तिला कळलं नाही. परतताना बसमध्ये, गाव जवळ आल्यावर, ती खिडकीकडे बघत म्हणाली, "तू म्हनली होती आपल्यापाशीच राहील."

दुसऱ्या दिवशी मी ऊर्जानगरला गेले. भाऊंनी दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता आत गेले. म्हणजे त्यांना माहीत होतं.

"तुमी केलं?" मी विचारलं.

"हो."

"काऊन?"

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "वीस वर्षं दुसऱ्याचेच गाने करून राह्यलो. माह्या नावाचं एक तरी वाजावं वाटलं. डीजेवाले म्हनले, सात मात्रावर कोनी नाचत नाई."

त्यांनी खोटं काही सांगितलं नाही, याचाच मला जास्त राग आला. मी म्हटलं, "मूळ फाइली द्या. मी चालली." तेव्हा ते पहिल्यांदा घाबरलेले दिसले. डिस्क भरत आली होती. गाणं तयार झाल्यावर त्यांनी न लागणाऱ्या फाइली एकदम काढून टाकल्या होत्या. त्यात अकराही गाणी गेली. उरलं ते एक, कापलेलं आणि ताणलेलं. कॉपी काढायला मला शंभरदा सांगणाऱ्या माणसानं स्वतः ती काढली नव्हती. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, दारात पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. मी तो न घेता निघाले.

मोठ्या आईनं मला कधी बोल लावला नाही. पण मी पुन्हा रेकॉर्ड करू म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "आता नाई होत." त्या वर्षी रोवणीला ती बांधावर बसून राहिली. बायकांनी म्हण म्हण केलं तरी तिनं गाणं काढलं नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली. तिच्या अंत्ययात्रेत भाऊ आले होते, असं मला नंतर कळलं. मागे, गावाबाहेरच्या वळणावर उभे होते म्हणे. मी त्यांना पाहिलं नाही.

आता मी गडचिरोलीला असते. मुलांना रेकॉर्डिंग शिकवते. एखादी पोरगी अडखळली की माझ्या तोंडून 'रा-जु-रा' निघतं आणि मी क्षणभर थांबते. कोणाकडून शिकलात, असं विचारलं तर मी चंद्रपूरला शिकले एवढंच सांगते. मला येतं ते सगळं त्यांचं आहे आणि माझ्याकडून गेलं तेही त्यांनीच घालवलं, हे एका वाक्यात सांगता येत नाही.

मागच्या वर्षी त्यांच्याकडून एक फाइल आली. बरोबर काही लिहिलेलं नव्हतं. मी हेडफोन लावला. तेच उरलेलं गाणं होतं. त्यांनी दणदण ठोका काढून टाकला होता, ताणलेल्या ओळी जमेल तशा परत आणल्या होत्या आणि पाच, पाच, सात असा ताल पुन्हा भरला होता. शेवटच्या ओळीनंतर बरोबर दोन मात्रा मोकळ्या होत्या. आणि त्या मोकळ्या जागेत श्वास होता. धाप लागलेल्या माणसाचा.

मी तीनदा ऐकलं. मोठ्या आईचा श्वास मला माहीत होता. हा तिचा नव्हता. चार वर्षांनी मी त्यांना फोन लावला.

"भाऊ, श्वास कोनाचा हाय?"

ते म्हणाले, "माहाच. दुसरं काय टाकू, मले समजलं नाई."

त्यांना अजून काही म्हणायचं होतं. मी ऐकलं नाही, फोन ठेवला. ती फाइल मी पुसलेली नाही. कोणाला ऐकवलेलीही नाही.